वाचकांचे प्रश्न : शेलमधून मजकूर छापताना विशेष चिन्हे कशी सांभाळावीत?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. युनिक्स किंवा लिनक्सच्या शेलला, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून पार पाडणाऱ्या प्रोग्रामला, एखादा मजकूर छापायला सांगितला, आणि पडद्यावर त्याऐवजी भलतेच काही उमटले. म्हणून हे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. छपाईच्या सोयीसाठी कमांडची नावे, व्हेरिएबलची नावे, अक्षरे आणि अंक येथे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष काम करताना ती रोमन लिपीतच टाइप करावीत. चिन्हे मात्र जशी छापली आहेत तशीच टाइप करायची आहेत.

प्रश्न : मला स्क्रिप्टमधून ‘एकूण देणे $१५०’ एवढी एकच ओळ छापायची आहे. ती दुहेरी अवतरणांत लिहूनही पडद्यावर ‘एकूण देणे ५०’ असे येते. शंभर जातात कुठे?

उत्तर : आपली ओळ इको या मजकूर छापणाऱ्या कमांडच्या हाती पडण्याआधीच बदललेली असते. शेलमध्ये लिहिलेला मजकूर दोनदा वाचला जातो, हे एकदा पक्के ध्यानात आले की या विषयातील निम्म्याहून अधिक कोडी आपोआप सुटतात. पहिले वाचन शेल करतो; त्यात तो अवतरणचिन्हे काढून टाकतो, डॉलरचिन्हाने सुरू होणाऱ्या नावांच्या (म्हणजे व्हेरिएबलच्या) जागी त्यांच्या किमती भरतो, तारांकनाच्या (*) जागी फाइलींची नावे आणतो, आणि या सर्व संस्कारांनंतर जे उरते ते छापणाऱ्या कमांडला देतो. दुसरे वाचन ती कमांड स्वतःच्या नियमांनी करते. आपल्या ओळीचे जे झाले ते पहिल्या वाचनात झाले. $१ म्हणजे स्क्रिप्टला दिलेले पहिले आर्ग्युमेंट (तिच्या नावापुढे लिहिलेला पहिला शब्द), असा शेलचा अर्थ आहे, आणि महिरपी कंस नसतील तर डॉलरनंतरचा एकच अंक तो विचारात घेतो. आपण आर्ग्युमेंट दिलेले नव्हते, त्यामुळे $१ च्या जागी काहीच आले नाही आणि मागचे ५० तेवढे शिल्लक राहिले. यातील वाईट भाग असा की शेल कोणतीही तक्रार करत नाही. उद्या कोणी हीच स्क्रिप्ट ‘७’ हे आर्ग्युमेंट देऊन चालवली, तर ती तितक्याच शांतपणे ७५० छापेल.

खालीलपैकी कोणतीही ओळ लिहिली तरी आपले काम होईल.

इको 'एकूण देणे $१५०'
इको "एकूण देणे \$१५०"

एकेरी अवतरणांच्या आत शेल कशालाही हात लावत नाही. डॉलर, बॅकटिक (`), तारांकन, एवढेच नव्हे तर बॅकस्लॅशसुद्धा तेथे साधे अक्षर असते. दुहेरी अवतरणांच्या आत रिकाम्या जागा आणि तारांकन सुरक्षित राहतात, परंतु डॉलर, बॅकटिक आणि बॅकस्लॅश यांचा विशेष अर्थ कायम असतो. त्यातही बॅकस्लॅशचा अधिकार मर्यादित आहे: त्याच्यापुढे डॉलर, बॅकटिक, दुहेरी अवतरण, दुसरा बॅकस्लॅश किंवा ओळीचा शेवट असेल तरच शेल त्याची दखल घेतो, एरवी तो जसाच्या तसा कमांडकडे जातो. अवतरणांच्या बाहेर मात्र बॅकस्लॅश पुढच्या कोणत्याही एका चिन्हाचा विशेष अर्थ काढून घेतो. (ओळीचा शेवट तेवढा अपवाद, तेथे बॅकस्लॅश आणि नवी ओळ दोन्ही नाहीसे होतात व दोन ओळी जोडल्या जातात.)

माझा स्वतःचा नियम असा आहे की सुरुवात नेहमी एकेरी अवतरणांनी करावी आणि एखाद्या व्हेरिएबलची किंमत खरोखर हवी असेल तेव्हाच दुहेरीकडे जावे. अनेक जण उलट करतात. सवयीने सगळीकडे दुहेरी अवतरणे वापरतात आणि मग अडेल तेथे बॅकस्लॅश पेरत बसतात. त्या मार्गाने जाताना एखादे चिन्ह हमखास नजरेतून सुटते.

प्रश्न : ‘त्याने 'हो' म्हटले’ हे वाक्य आतल्या एकेरी अवतरणांसह छापायचे आहे. सगळे वाक्य एकेरी अवतरणांत घातले तर आतली अवतरणे गायब होतात, आणि त्यांच्याआधी बॅकस्लॅश दिला तर काहीच न छापता शेल पुढच्या ओळीची वाट पाहत थांबतो.

उत्तर : एकेरी अवतरणांत बॅकस्लॅश हे साधे अक्षर आहे, असे वर म्हटले, त्याचाच हा परिणाम. एकेरी अवतरणांच्या आत एकेरी अवतरण लिहिण्याची कोणतीही सोय शेलने ठेवलेली नाही. पुढचे पहिले एकेरी अवतरण आले की मजकूर तेथे संपला. जुनी आणि सर्वत्र चालणारी युक्ती अशी की मजकूर क्षणभर बंद करायचा, बाहेर येऊन बॅकस्लॅशसह एक अवतरण लिहायचे, आणि लगेच पुन्हा मजकूर उघडायचा.

इको 'त्याने '\''हो'\'' म्हटले'

पहिल्यांदा पाहताना ही चार चिन्हांची जुडी डोळ्यांना खुपते, पण तिचे तीन भाग वेगळे करून पाहिले की त्यात गूढ काही उरत नाही: एक बंद करणारे अवतरण, मग \' ही सुटी जोडी, मग उघडणारे अवतरण. मध्ये रिकामी जागा नसल्यामुळे शेल हे सर्व तुकडे जोडून एकच शब्द बनवतो. आपल्या वाक्यात डॉलर किंवा बॅकटिक नाही, त्यामुळे बाहेरून दुहेरी अवतरणे देणे हा अधिक वाचनीय पर्याय ठरेल.

आणखी एक प्रकार कॉर्न शेलच्या १९९३ च्या आवृत्तीतून आला आणि पुढे बॅश व झेडशेल या दुसऱ्या दोन शेलनी उचलला. यात एकेरी अवतरणाच्या आधी डॉलर लिहितात, आणि मग आत बॅकस्लॅशला सी भाषेतील अर्थ मिळतात.

इको $'त्याने \'हो\' म्हटले'

युनिक्ससारख्या प्रणालींसाठी असलेल्या पॉझिक्स मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीत हा प्रकार समाविष्ट झाला आहे. तरीही जी स्क्रिप्ट अनोळखी यंत्रांवर चालायची आहे तिच्यात मी अजून जुनी युक्तीच वापरतो, कारण मानकात आलेली गोष्ट प्रत्येक शेलमध्ये पोहोचायला वेळ लागतो.

प्रश्न : इको -ई लिहून मी मजकुरात \एन घातले, म्हणजे तेथे नवी ओळ सुरू व्हावी. माझ्या टर्मिनलमध्ये ते नीट चालते. पण तीच फाइल एसएच या नावाने चालवली की ओळीच्या सुरुवातीला ‘-ई’ हीच अक्षरे छापली जातात. दोन्ही ठिकाणी इकोच आहे, मग फरक का?

उत्तर : नाव एकच असले तरी इको ही एक कमांड नाही, आणि या गोंधळाला चाळीसहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील इको साधी होती. दिलेले शब्द छापायचे, आणि -एन हा पर्याय दिला तर शेवटची नवी ओळ टाळायची. पुढे बेल लॅब्सच्या सिस्टिम फाइव्ह या शाखेने मजकुरातील बॅकस्लॅशना अर्थ द्यायला सुरुवात केली आणि शेवटची ओळ टाळण्यासाठी \सी ठरवले, तर बर्कलीच्या शाखेने -एन तसेच चालू ठेवले. दोन्हींवर लिहिलेल्या स्क्रिप्ट इतक्या झाल्या होत्या की १९९२ मध्ये पॉझिक्सचे शेलविषयक मानक आले तेव्हा कोणाचीही बाजू घेता आली नाही. पहिले आर्ग्युमेंट -एन असेल किंवा मजकुरात कोठेही बॅकस्लॅश असेल, तर काय छापले जाईल हे त्या त्या प्रणालीवर सोडून देण्यात आले. 

आपल्या टर्मिनलमध्ये बॅश आहे. बॅशची इको आपणहून बॅकस्लॅशकडे पाहत नाही, -ई दिल्यावरच पाहते. एसएच या नावामागे मात्र आपल्या यंत्रावर डॅश हा छोटा, वेगवान शेल असावा. उबुंटूने २००६ मध्ये ६.१० या आवृत्तीपासून आणि डेबियनने २०११ मध्ये तो या जागी बसवला. डॅशची इको बॅकस्लॅशचे अर्थ नेहमीच लावते, त्यामुळे तिला -ई या पर्यायाची गरज नाही. ती त्याला छापायचा शब्द समजते. झेडशेलची इकोही आपणहून अर्थ लावते, पण -ई ओळखते.

‘-ई’ नको तेथे छापले गेले तर ते निदान दिसते. खरा धोका उलट दिशेने आहे. समजा, व्हेरिएबलमध्ये सी:\न्यू\टेस्ट असा फाइलीचा पत्ता आहे. रोमन लिपीत न्यू हा शब्द एनने आणि टेस्ट टीने सुरू होतो, म्हणून डॅश किंवा झेडशेलची इको त्या पत्त्याच्या मध्येच एक नवी ओळ आणि एक टॅब छापते. व्हेरिएबल दुहेरी अवतरणांत असले तरीही, कारण हे दुसऱ्या वाचनात घडते आणि अवतरणांची सत्ता पहिल्या वाचनापुरतीच असते. बॅशमध्ये ही भीती नाही, पण तेथे दुसरी आहे: व्हेरिएबलची किंमत नेमकी -एन किंवा -ई असेल, तर इको तिला पर्याय समजते आणि ती अक्षरे छापतच नाही. दोन आडव्या रेघा देऊन पर्याय संपल्याचे सांगावे, तर बॅशची इको त्या रेघाही छापते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की आपणच लिहिलेला, बॅकस्लॅश नसलेला ठरावीक मजकूर सोडला तर इको वापरू नये. बाहेरून आलेला मजकूर छापायचा असेल तर प्रिंटएफ ही कमांड वापरावी.

प्रिंटएफ '%एस\एन' "$पत्ता"

येथे पहिले आर्ग्युमेंट हा साचा आहे, आणि \एन चा अर्थ प्रिंटएफ फक्त साच्यात लावते. %एस च्या जागी येणाऱ्या मजकुरातील बॅकस्लॅश, टक्केचिन्ह, सुरुवातीची आडवी रेघ यांतल्या कशालाही ती अर्थ देत नाही. मजकुरातील बॅकस्लॅशचे अर्थ लावून हवेच असतील, तर %एस ऐवजी %बी लिहावे. म्हणजे तो निर्णय वाचणाऱ्यालाही साच्यात उघड दिसतो.

प्रश्न : मागील एका उत्तरावरून मी प्रिंटएफकडे वळले. प्रिंटएफ "१००% डन\एन" असे लिहिल्यावर मात्र ‘१००’ नंतर एक शून्य आणि ‘डन’ या शब्दाची शेपटी तेवढी छापली गेली. बॅकस्लॅश देऊन टक्केचिन्ह एस्केप होत नाही का, म्हणजे त्याचा विशेष अर्थ जात नाही का?

उत्तर : होत नाही, कारण टक्केचिन्ह शेलसाठी विशेष नाहीच, ते प्रिंटएफसाठी विशेष आहे, आणि तिच्या साच्यात एक टक्केचिन्ह छापायचे तर दोन लिहावी लागतात. आपल्या ओळीत टक्क्यानंतर रिकामी जागा आणि मग डन या शब्दाचे डी हे अक्षर आले. प्रिंटएफच्या भाषेत त्या तिघांचा मिळून अर्थ ‘येथे एक पूर्णांक छापा, आणि तो ऋण नसेल तर आधी रिकामी जागा सोडा’ असा होतो. पूर्णांक आपण दिला नव्हता, म्हणून तिने शून्य धरले आणि डी अक्षर त्या सूचनेतच खर्ची पडले.

येथे दोन टक्केचिन्हे लिहून आपले काम भागेल. पण हीच चूक प्रिंटएफ "$संदेश" या रूपात केली जाते तेव्हा ती अधिक गंभीर होते, कारण तेव्हा साचा कोण लिहील हे आपल्या हातात राहत नाही. ज्याच्याकडून संदेश आला तो साचा ठरवतो. साचा नेहमी आपण लिहिलेला, एकेरी अवतरणांतला आणि ठरावीक असावा, आणि परका मजकूर त्याच्या मागून आर्ग्युमेंट म्हणून यावा. या एका गोष्टीबाबत मी तडजोड करत नाही.

जाता जाता प्रिंटएफचे दोन स्वभाव सांगतो. आर्ग्युमेंट साच्यापेक्षा जास्त असतील तर साचा पुन्हा पुन्हा वापरला जातो, त्यामुळे '%एस\एन' पुढे दहा नावे दिली तर दहा ओळी मिळतात. आर्ग्युमेंट एकही नसेल तरी साचा एकदा वापरला जातोच, म्हणजे रिकाम्या यादीसाठीही एक कोरी ओळ छापली जाते. ओळी मोजणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे लक्षात ठेवावे लागते. तसेच साचाच आडव्या रेघेने सुरू होत असेल, तर बॅश त्याला पर्याय समजून नाकारतो. तीन रेघांची ओळ हवी असेल तर तीही मजकूर म्हणून द्यावी.

प्रिंटएफ '%एस\एन' '---'

प्रश्न : टर्मिनलवर दुहेरी अवतरणांत उद्गारचिन्ह लिहिले की कधी ‘इव्हेंट नॉट फाउंड’ असा संदेश येतो, कधी येत नाही. स्क्रिप्टमध्ये तर कधीच येत नाही.

उत्तर : उद्गारचिन्हाने आधी दिलेली कमांड परत बोलावण्याची सोय बिल जॉय यांच्या सी शेलमधून आली आणि बॅशने ती घेतली. ती फक्त आपण समोर बसून टाइप करत असताना चालू असते, म्हणून स्क्रिप्टमध्ये त्रास नाही. उद्गारचिन्हानंतर रिकामी जागा, ओळीचा शेवट किंवा बरोबरचे चिन्ह असेल तर बॅश त्याला हात लावत नाही, आणि २०१६ च्या ४.४ या आवृत्तीपासून लगेच पुढे बंद करणारे दुहेरी अवतरण असेल तरीही सोडून देतो. म्हणून ते ‘कधी येते, कधी नाही’ असे वाटते. येथे बॅकस्लॅशचा उपयोग अर्धाच होतो: दुहेरी अवतरणांत उद्गारचिन्हाआधी बॅकस्लॅश दिला तर कमांड परत बोलावली जात नाही, पण बॅकस्लॅशही छापला जातो. तेवढे चिन्ह एकेरी अवतरणांत काढावे.

इको "ऐका, $नाव"'!लगेच या'

ही सोय आपण कधीच वापरत नसाल तर सेट +एच, यातले एच मोठ्या लिपीतले, असे लिहून ती बंदच करावी.

प्रश्न : व्हेरिएबलमध्ये तीन तारांकने असलेले शीर्षक ठेवले होते. छापताना त्याऐवजी चालू फोल्डरमधल्या फाइलींची यादी आली. किंमत भरताना तर मी एकेरी अवतरणे दिली होती!

उत्तर : किंमत भरताना दिलेली अवतरणे त्या ओळीपुरतीच असतात, ती व्हेरिएबलमध्ये साठवली जात नाहीत. नंतर इको $शीर्षक असे अवतरणांशिवाय लिहिल्यावर शेल आधी किंमत भरतो, मग ती रिकाम्या जागांवर तोडतो, आणि मग तुटलेल्या प्रत्येक तुकड्यात तारांकन, प्रश्नचिन्ह किंवा चौकटी कंस सापडला तर त्याच्याशी जुळणाऱ्या फाइली शोधतो. याच तोडण्यामुळे मजकुरातील चार रिकाम्या जागांची एक होते, ही तक्रारही आणखी दोन पत्रांत आहे. एकही फाइल जुळली नाही तर बॅश तारांकन तसेच ठेवतो, आणि म्हणून रिकाम्या फोल्डरमध्ये तपासलेली स्क्रिप्ट भरलेल्या फोल्डरमध्ये वेगळी वागते. उपाय एवढाच की व्हेरिएबल छापताना त्याच्याभोवती दुहेरी अवतरणे द्यावीत. झेडशेलमध्ये व्हेरिएबलची किंमत अशी तुटत नाही, त्यामुळे तेथे ही सवय न लागलेले लोक बॅशमध्ये आल्यावर हमखास येथे अडतात.

प्रश्न : दुसऱ्या एका प्रोग्रामची पन्नास ओळींची सेटिंगची फाइल मला स्क्रिप्टमधून तयार करायची आहे. तिच्यात डॉलर, बॅकटिक, दोन्ही अवतरणे, सर्व काही आहे. प्रत्येक चिन्हाआधी बॅकस्लॅश देत बसणे अशक्य आहे.

उत्तर : आणि तसे करूही नये. अशा कामासाठी ‘हिअर डॉक्युमेंट’ ही रचना आहे. त्यात ‘पेक्षा लहान’ या अर्थाच्या दोन चिन्हांनंतर एक खुणेचा शब्द लिहितात, आणि तोच शब्द पुन्हा एकट्याने ओळीवर येईपर्यंतचा सर्व मजकूर कमांडला पुरवला जातो. येथे ती कमांड, मिळालेला मजकूर तसाच पुढे देणारी कॅट आहे.

कॅट > सेटिंग <<'समाप्त'
पत्ता = "$मूळ/`आज`"
समाप्त

खुणेच्या शब्दाभोवतीची अवतरणे येथे सर्वांत महत्त्वाची आहेत. ती असली तर आतला प्रत्येक बाइट जसाच्या तसा जातो. ती नसली तर डॉलर, बॅकटिक आणि बॅकस्लॅश जागे होतात. दुहेरी अवतरण मात्र तेव्हाही साधे अक्षरच असते, त्यामुळे त्याला बॅकस्लॅश दिला तर तो फाइलीत उतरतो. पन्नास ओळींत एकाच ठिकाणी व्हेरिएबलची किंमत हवी असेल, तर सगळ्या मजकुराची अवतरणे काढण्यापेक्षा मी तो भाग तोडतो: वरच्या ओळी अवतरणांसह, मधली एक ओळ प्रिंटएफने, आणि खालच्या ओळी पुन्हा अवतरणांसह. स्क्रिप्ट थोडी लांबते, पण काय बदलणार आणि काय नाही हे वाचणाऱ्याला स्वच्छ दिसते. शेवटच्या खुणेच्या शब्दामागे एकही रिकामी जागा राहू देऊ नये, नाहीतर शेलला ती खूण सापडत नाही. मजकूर आत सरकवून लिहायचा असेल तर <<- हे रूप आहे, पण ते ओळीच्या सुरुवातीचे टॅबच काढते, रिकाम्या जागा काढत नाही.

प्रश्न : एका दस्तऐवजातून नक्कल केलेली कमांड, अक्षर न् अक्षर बरोबर असूनही, चालत नाही.

उत्तर : अवतरणचिन्हे निरखून पाहा. शब्दसंपादक सरळ अवतरणांची आपोआप वळणदार अवतरणे करतात, आणि शेलच्या दृष्टीने ती अवतरणेच नव्हेत. ती इतर अक्षरांसारखीच छापली जातात. कधी कधी साध्या रिकाम्या जागेऐवजी न तुटणारी रिकामी जागाही येते, आणि ती तर डोळ्यांना दिसतही नाही.

प्रश्न : मराठी मजकूर छापताना देवनागरी अक्षरे एस्केप करावी लागतात का? आणि %१०एस असे लिहिले तरी माझे मराठी रकाने वेडेवाकडे का येतात?

उत्तर : अक्षरांना काहीही करावे लागत नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठते, आणि त्यातला प्रत्येक बाइट १२७ पेक्षा मोठा असतो. शेलची सर्व विशेष चिन्हे त्या मर्यादेच्या आत आहेत, त्यामुळे मराठी अक्षराच्या पोटात चुकून डॉलर किंवा बॅकस्लॅश सापडण्याची शक्यता नाही.

रकान्यांचे कारण वेगळे आहे. प्रिंटएफच्या साच्यातील रुंदी पॉझिक्सप्रमाणे बाइटांत मोजली जाते. ‘नमस्ते’ या शब्दात काना-मात्रांसह सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट आहेत. दहाची रुंदी कधीच ओलांडली गेल्यामुळे प्रिंटएफ एकही रिकामी जागा भरत नाही. झेडशेल येथे बाइटांऐवजी चिन्हे मोजतो, पण आपल्या लिपीला तेही पुरत नाही, कारण मात्रा आणि हलन्त पडद्यावर स्वतंत्र जागा घेत नाहीत. नीट रकाने हवे असतील तर रुंदीचा नाद सोडून मध्ये टॅब छापावा, आणि मांडणीचे काम तक्ते मांडणाऱ्या प्रोग्रामवर सोपवावे.

प्रश्न : चूक कळवणारा संदेश लाल रंगात छापण्यासाठी मी \ई ने सुरू होणारा संकेत वापरतो. तो काही यंत्रांवर तसाच छापला जातो.

उत्तर : \ई हे संक्षिप्त रूप पॉझिक्सच्या प्रिंटएफमध्ये नाही. एस्केप या नियंत्रक अक्षराचा क्रमांक २७, म्हणजे अष्टमान पद्धतीत ०३३ आहे. तो लिहिला की सर्वत्र चालते.

प्रिंटएफ '\०३३[३१एम%एस\०३३[०एम\एन' "$संदेश"

रंगाचे संकेत साच्यात आणि संदेश बाहेर, ही विभागणी येथेही पाळली आहे. मात्र %एस शेलपासून आणि प्रिंटएफपासून संरक्षण देते, टर्मिनलपासून नाही. संदेशातच कोणी क्रमांक २७ चे अक्षर घुसवले असेल तर टर्मिनल त्याची आज्ञा पाळेल, म्हणजे रंग बदलेल, पडदा पुसेल किंवा आधीची ओळ झाकेल. अनोळखी फाइल पाहताना कॅट -व्ही वापरावे. अशी अक्षरे तेव्हा वरच्या बाणासारख्या चिन्हासह उघड दिसतात.

प्रश्न : जुन्या स्क्रिप्टमध्ये एक बॅकस्लॅश छापण्यासाठी ओळीने आठ बॅकस्लॅश लिहिलेले सापडले. ही कोणाची चूक आहे, की खरोखर लागतात?

उत्तर : आपण पाठवलेली ओळ अशी आहे.

खूण=`प्रिंटएफ "\\\\\\\\"`

ही चूक नाही. हिशेब बरोबर आहे. बॅकटिकच्या आतला मजकूर शेल आधी एकदा स्वतंत्रपणे वाचतो आणि बॅकस्लॅशची प्रत्येक जोडी एकावर आणतो, म्हणून आठाचे चार होतात. मग दुहेरी अवतरणे चाराचे दोन करतात, आणि शेवटी प्रिंटएफ आपल्या साच्यातील दोनाचा एक छापते. वाचणारे तीन, म्हणून दोनाचा तीनदा गुणाकार. दूरच्या यंत्रावर एसएसएचने कमांड पाठवताना हाच प्रकार होतो, कारण दिलेले सर्व शब्द रिकामी जागा घालून जोडले जातात आणि पलीकडचा शेल ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचतो. तेथे चिन्हे वाढवत नेण्यापेक्षा, वर सांगितलेल्या अवतरणांकित हिअर डॉक्युमेंटमधून सगळी स्क्रिप्ट पलीकडच्या शेलला वाचायला द्यावी. मग आपल्या बाजूचे वाचन टळते.

आपल्या ओळीतले तीनही वाचक दूर करता येतात. बॅकटिकऐवजी कॉर्न शेलने आणलेले $( ) हे रूप वापरले की पहिला गळतो, एकेरी अवतरणांनी दुसरा गळतो, आणि बॅकस्लॅश साच्याबाहेर नेल्याने तिसरा.

खूण=$(प्रिंटएफ '%एस' '\')